तक्रार केली तर राग आईवर निघेल का?

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलेली मुले-मुली मला एक प्रश्न वारंवार विचारतात: औषधात चूक झाल्याचे कळले आहे, पण बोललो तर त्याचा राग आईवर निघेल का? नाशिकमधल्याच एका ताईंच्या अनुभवावरून त्याविषयी लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई शहरातल्या एका वृद्धाश्रमात राहतात. सांधेवातासाठी त्यांना मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी, आणि इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड द्यायचे होते. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या. नव्या महिन्याचा औषधतक्ता उतरवताना मेथोट्रेक्झेटपुढे ‘ओडी’, म्हणजे दिवसातून एकदा, असे लिहिले गेले आणि आठवडाभर ती गोळी रोज पोटात गेली. रविवारी ताई भेटायला गेल्या तेव्हा आईंनी वरणभाताचे ताटही बाजूला सारले. “तोंड आलंय, उष्णता असेल,” असे तिथल्या मावशींनी सांगितले. परंतु ताईंनी टॉर्च लावून पाहिले, तर जीभ आणि गालांची आतली बाजू सोलवटून निघाली होती. त्यांनी त्याच दिवशी आईंना रुग्णालयात नेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरल्या होत्या. हे औषध साचले की पेशी तयार होण्याचे कामच मंदावते, म्हणून फॉलिनिक अ‍ॅसिड हे त्यावरचे उतारा-औषध (रोजच्या फॉलिक अ‍ॅसिडहून वेगळे) देऊन उपचार करावे लागले. दोन आठवड्यांनी आई परतल्या.

माझ्यासमोर बसून ताई पहिला अर्धा तास स्वतःलाच दोष देत होत्या: “मॅडम, मी तिला घरी ठेवलं असतं तर हे झालंच नसतं.” मी त्यांना एवढेच विचारले, की तोंडात टॉर्च कोणी मारला? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. खरे सांगायचे तर अशी गल्लत घरातही होते. फरक इतकाच, की घरी तक्ता नसतो, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे सापडतही नाही.

मग मूळ भीतीकडे आलो. पुण्यातला भाऊ म्हणत होता, “पोलिसांत जा, आईला तिथून काढ.” आई म्हणत होत्या, “इथल्या पोरी चांगल्या आहेत गं, काही बोलू नकोस.” ही भीती मी खोटी ठरवत नाही, कारण जिच्या हातून आई रोज जेवते तिच्याशी वाकडे घ्यायला कोणालाही जड जाते. तरीही गप्प राहिल्याने तक्त्यावरचा ‘ओडी’ पुसला जात नाही. म्हणून आरोपाऐवजी प्रश्न घेऊन जायचे असे आम्ही ठरवले, आणि ते प्रश्न ताईंनी बँकेच्या डायरीत लिहून काढले: तक्ता कोण उतरवते, मूळ चिठ्ठीशी तो दुसरे कोणी ताडून पाहते का, डबी कोण भरते, आणि आजींनी गोळी नाकारली तर ते कुठे नोंदवतात.

व्यवस्थापकांनी सुरुवातीला शिफ्ट बदलल्याचे कारण पुढे केले, जे मला मुळीच पटले नाही. त्यांनी टाळाटाळ चालूच ठेवली असती, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर आणि लेखी तक्रारीकडे वळायचे, हेही आम्ही आधीच ठरवले होते. परंतु तक्ता मागितल्यावर रात्रपाळीची तरुण सिस्टर स्वतःच तो घेऊन आली आणि ते अक्षर आपले असल्याचे तिने रडत सांगितले. वीसेक जणांची औषधे ती एकटी पाहत होती. चूक तिची होती. तिला एकटीला ठेवण्याची चूक मात्र तिची नव्हती, आणि ताईंनी ते व्यवस्थापकांना लेखी कळवले.

आता मेथोट्रेक्झेटचे पाकीट ताईंकडेच असते. तक्त्यावर त्या गोळीसमोरचे सहा रकाने लाल शाईने फुली मारून बंद केले आहेत, सातव्यात ‘रविवार’ असे पूर्ण अक्षरांत लिहिले आहे. गोळी हातात घेतल्यावर आई आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात, आणि मगच पाणी मागतात.