आजोबांच्या डब्यातील नाणी धुवावीत का?

आपण लिहिले आहे की आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात राणीच्या छापाचे सहा चांदीचे रुपये, अकरा शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि मूठभर भोकाचे पैसे सापडले, सगळे काळे-हिरवे पडले आहेत आणि घरातील मंडळी चिंच-मीठ लावून ते लख्ख करण्याच्या बेतात आहेत. माझे पहिले उत्तर असे की चिंच आमटीसाठी ठेवावी. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी डब्याला कोणी हात लावू नये.

घाण आणि धातूचा बदललेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरगुती सफाईत बहुतेक नुकसान हा फरक न ओळखल्यामुळे होते. माती, तेलकट थर, कुंकू, जुना गोंद हे नाण्यावर बाहेरून येऊन बसलेले असतात. धातूला न लागणाऱ्या द्रवाने ते सैल करून काढता येतात. चांदीचा काळेपणा मात्र तसा नाही. हवेतील, रबराच्या वा हलक्या पुठ्ठ्यातील गंधकाशी नाण्याच्याच चांदीचा संयोग होऊन तो थर तयार झालेला असतो, त्यामुळे काळेपणा घासून काढणे म्हणजे नाण्याची वरची चांदी घासून काढणे होय. तांब्याचा तपकिरी किंवा काळसर रंगही असाच त्या धातूच्या अंगचा असतो, आणि तो घट्ट व एकसारखा असेल तर खालच्या तांब्याचे रक्षणच करतो. सराफाला लखलखीत रुपया आवडतो, कारण तो वजन पाहतो. संग्राहक पृष्ठभाग पाहतो.

हे मी स्वतःचे नुकसान करून शिकलो. कॉलेजात असताना मला १८६२ सालचा एक रुपया मिळाला होता, आणि मी तो दंतमंजन लावून जुन्या ब्रशने मन लावून घासला. दिवसा तो सुंदर दिसे. पुढे एका जाणत्या संग्राहकाने तो कडेने धरून एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवला, तेव्हा राणीच्या गालावर आणि मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक समांतर रेषांचे जाळे चमकू लागले. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर प्रकाश आरे फिरल्यासारखा सरकतो, कारण छाप पडताना धातू बाहेरच्या दिशेने वाहून अतिसूक्ष्म रेषा उमटलेल्या असतात. माझ्या रुपयावर त्या उरल्याच नव्हत्या. त्याहून वाईट म्हणजे, १८६२ हे साल पुढे अनेक वर्षे नाण्यांवर तसेच ठेवले गेले आणि त्यांतील प्रकार मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखले जातात. माझ्या नाण्यावरचा एक ठिपका मुळात होता की मीच पुसला, हे आजही सांगता येत नाही. प्रतवारी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था असे नाणे खरे असल्याचे मान्य करतात, पण त्याला साधी प्रत न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात, आणि खरेदीदार त्यानुसारच बोली लावतो.

चांदीसाठी बाजारात मिळणारे, नाणे बुडवताच पांढरे करणारे द्रव आणि अॅल्युमिनियमच्या कागदावर सोडा टाकून करायचा प्रयोग, हे दोन्ही उपाय आपल्याला कोणीतरी सुचवीलच. पहिल्यात प्रत्येक बुडीबरोबर चांदीचा थोडा थर विरघळतो. दुसऱ्यात गंधक निघून चांदी परत धातूरूप होते हे खरे, पण ती मूळच्या गुळगुळीत रूपात परत येत नाही, आणि पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज दिसतो. १९४० ते १९४५ दरम्यानच्या रुपयांत चांदी निम्मीच असल्याने त्यांचे रूप तर आणखी लवकर बिघडते.

आता शिवराईकडे येतो, कारण तुमच्या डब्यातील खरी जोखीम तिथे आहे. शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे पूर्ण क्वचितच मिळतात आणि प्रत्येक उरलेली रेघ मोलाची ठरते. काळ्या शिवराईवर खोलगट भागात साचलेल्या फिकट मातीमुळे अक्षरे उठून दिसतात; चिंचेने ती गुलाबी केली की तीच अक्षरे वाचायला नाणे तिरके धरावे लागते. चिंचेतील आम्ल तांब्याचा रक्षक थर विरघळवते, आणि मिठातील क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसते. कितीही धुतले तरी ते पूर्ण निघत नाही. मग पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या हवेत, त्याच छिद्रांतून फिकट हिरवी भुकटी फुलू लागते.

या भुकटीला मात्र ‘तसेच राहू द्या’ हा नियम लागू नाही. गडद हिरवा, कठीण, काचेसारखा थर निरुपद्रवी असतो. फिकट पोपटी, टाचणीने टोकरताच पिठासारखी सुटणारी ठिपक्याएवढी वाढ हा चालू रोग आहे: क्लोराइड, ओलावा आणि प्राणवायू मिळून तेथे आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. शंका असल्यास ते नाणे ओल्या कापसाशेजारी, त्याला न टेकवता, बंद डबीत एक-दोन दिवस ठेवावे. नवे ठिपके उगवले तर रोग चालू आहे. असे नाणे प्रथम इतरांपासून वेगळे करावे, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवून ते पाणी रोज बदलत काही आठवडे क्लोराइड उतरू द्यावे, नंतर पूर्ण वाळवून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह कोरड्या डबीत ठेवावे. दुर्मीळ नाणे असेल तर हेही स्वतः न करता संग्रहालयातील जतनतज्ज्ञाला विचारावे.

बाकीच्या नाण्यांसाठी एवढेच पुरे आहे. काचेच्या वाटीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन नाणे काही तास पडू द्यावे. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन व क्षार असतात. सैल झालेली माती बांबूच्या काडीने, न घासता, उचलावी. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आलेला हिरवट चिकटपणा शुद्ध अॅसिटोनने जातो, कारण अॅसिटोन धातूला लागत नाही. नेलपॉलिश काढायचा द्रव त्याजागी चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर करावे. शेवटी नाणे सुती कापडावर ठेवून टिपावे, पुसू नये. पहिला प्रयोग भोकाच्या पैशावर करावा. १९४३ ते १९४७ दरम्यानचे ते पैसे विपुल आहेत, एखादा बिघडला तरी मोठी हानी नाही.

खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलात महिनाभर बुडवण्याचा सल्लाही हमखास मिळतो. तो मानू नये, कारण तेलातील आम्ले संथपणे का होईना तांब्यावर काम करतात. आणि डब्यात करड्या रंगाचे, जड, मऊ वाटणारे एखादे नाणे निघाले तर ते सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांपैकी असू शकते. त्याला पाणीही लावू नका, लाकडी कपाटातही ठेवू नका, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढऱ्या भुकटीत बदलते. ती भुकटी विषारी असते, तेव्हा हात लगेच धुवावेत.

लक्ष्मीपूजनात दरवर्षी ठेवला जाणारा रुपया या सर्वांतून मी वगळतो. तो घरचा देव आहे, त्याला पंचामृत आणि हळद-कुंकू लागणारच. पण त्यासाठी सहापैकी सर्वांत झिजलेला, किंवा कधीकाळी गळ्यातल्या माळेसाठी कडीचा टाका लावलेला रुपया निवडून वेगळा काढा, आणि उरलेले पाच कडेने धरून पॉलिस्टरच्या पारदर्शक प्लॅस्टिक पाकिटात ठेवा.