इंग्लिश गायिका केट बुशचा 'एरियल' अल्बम ऐकायचाय, सुरुवात कुठून करू?

दुसऱ्या डिस्कपासून. तिच्या 'द रेड शूज' (१९९३) या अल्बमनंतर १२ वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये आलेला हा दुहेरी अल्बम आहे. पहिल्या डिस्कवर सात सुटी गाणी, दुसऱ्या डिस्कवर मात्र एकमेकांत मिसळणाऱ्या गाण्यांची सलग ४२ मिनिटांची एकच रचना: दुपार, सूर्यास्त, रात्र, पुन्हा पहाट. पक्ष्यांचा किलबिलाट मागे पुन्हापुन्हा ऐकू येतो. मुखपृष्ठावर समुद्रातल्या डोंगररांगा वाटतात ना, ती खरं तर ब्लॅकबर्डच्या गाण्याची ध्वनिलहर आहे!

शफल बंद करा आणि ॲपच्या सेटिंगमधला क्रॉसफेड शून्यावर आणा. नाहीतर एका गाण्याचा शेवट पुढच्यावर चढतो आणि मुद्दाम राखलेले सांधे बिघडतात. फोनच्या स्पीकरवर तर नकोच, खालचे स्वर गायब होतात.

मग पहिली डिस्क. 'पाय' (π) या गाण्यात ती गणितातल्या π चे दशांश आकडे गाते. ७८ व्या स्थानानंतर थेट १०१ व्यावर उडी आहे, त्यामुळे ताडून पाहणारे हमखास गोंधळतात. 'मिसेस बार्टोलोझी'त फक्त पियानो, आवाज आणि वॉशिंग मशीनमध्ये गरगरणारे कपडे. पहिल्यांदा हसू येईल. तिसऱ्यांदा नाही.

२०१८ च्या रीमास्टरमध्ये (ध्वनी नव्याने सुधारलेल्या आवृत्तीत) दुसऱ्या डिस्कवरच्या ऑस्ट्रेलियन कलाकार रोल्फ हॅरिसच्या आवाजाच्या जागी तिच्या मुलाचा, बर्टीचा आवाज आहे. मूळ ऐकायचं तर २००५ ची सीडी शोधा.