पेंढ्यात लसूणघास किती आणि कसा मिसळावा?

प्रश्न : भाताचा पेंढा भरपूर आहे, पण गाई अर्धा गव्हाणीतच टाकतात. लसूणघास बेताचाच निघतो. तो वेगळा घालावा की पेंढ्यात मिसळून?

उत्तर : मिसळून, आणि रोज. पेंढा कोठीपोटातले, म्हणजे गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले, जिवाणू पचवतात. त्यांचे काम चालायला आहाराच्या शुष्क भागात, म्हणजे पाणी वगळून उरते त्यात, किमान 7 टक्के प्रथिने लागतात. पेंढ्यात असतात जेमतेम 3 ते 4 टक्के. त्यामुळे चारा पोटात रेंगाळतो, पोट रिकामे होत नाही आणि जनावर गव्हाणीकडे पाठ फिरवते. गूळपाणी शिंपडून खाणे थोडे वाढेल, पण प्रथिनांची तूट तशीच राहील.

400 किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण 10 किलो शुष्क चारा लागतो. 8 किलो पेंढा आणि 15 किलो हिरवा लसूणघास दिला, की प्रथिने पावणेआठ टक्क्यांच्या आसपास जातात. 15 किलो हा आकडा मोठा वाटेल, पण त्यातले 12 किलो पाणीच असते. घास 10 किलोच निघत असेल तर हिशेब साडेसहाच्याही खाली येतो, मग अर्धा किलो सरकी पेंड जोडा. हे सारे शरीर राखण्यापुरते झाले; दुधासाठीचा खुराक वेगळा.

पेंढा आणि घास कडबाकुट्टीत एकत्रच घाला, तुकडा इंचभराचा ठेवा. वरून नुसता पसरलेला घास गाय जिभेने निवडून खाते आणि पेंढा तसाच राहतो. दोन्ही एकत्र कापले की घासाचा रस पेंढ्याला लागतो, निवडायला वाव राहत नाही. मात्र ओली कुट्टी रात्रभर ढिगात ठेवू नका. ती तापते, बुरशी धरते. लागेल तेवढीच रोज कापा. घासाचे प्रमाण दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम चालू ठेवा, कारण पेंढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवते.

प्रश्न : घासाने पोट फुगते म्हणतात, ते खरे का?

उत्तर : कोवळा, दव असलेला घास उपाशीपोटी भरपूर खाल्ला तर खरे आहे. त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा पोटात घट्ट फेस होतो, वायू त्यात अडकतो आणि ढेकर बाहेर येत नाही. कापलेला घास दोन-तीन तास सुकू द्या, आधी थोडा कोरडा पेंढा घाला. डावी कूस ताणून फुगली आणि जनावर धापा टाकू लागले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

प्रश्न : घासाऐवजी सुबाभळीचा पाला चालेल?

उत्तर : चालेल, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. त्यातल्या मिमोसीन या विषारी घटकामुळे जास्त खाल्ल्यास केस गळतात, गलगंडही होतो. घोड्यांना आणि डुकरांना तर घालूच नका.