पाणी दिल्यानंतरचे चार तास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सुरीचा फोटो मी चष्मा लावून दोनदा पाहिला. पाते सरळ आहे, मुठीच्या रिव्हेटांची ओळही नीट बसली आहे. सोबत तू लिहिले आहेस की ‘फोर्ज्ड इन फायर’मधल्या स्पर्धकांसारखे घड्याळ लावून तीन तासांत हे पाते घडवले आणि पाणी दिले (म्हणजे लाल तापवून एकदम थंड केले) की लगेच मूठ बसवली. माझी चिंता तिथूनच सुरू झाली, म्हणून फोनवर चार शब्द बोलण्याऐवजी सविस्तर लिहीत आहे.

हिस्टरी वाहिनीवर २०१५ साली सुरू झालेला हा अमेरिकन कार्यक्रम मीही आवडीने पाहतो. चार लोहार, पात्यासाठी तीन तास, एकेक जण बाद, उरलेल्या दोघांना एखादे ऐतिहासिक शस्त्र घडवायला घरच्या भट्टीवर काही दिवस आणि विजेत्याला १०,००० डॉलर, असा त्याचा साचा आहे. परीक्षकांपैकी जे. नीलसन स्वतः मास्टर स्मिथ आहेत, त्यामुळे पाते का तडकले, थर का सुटले, याची तिथे सांगितली जाणारी कारणे सहसा पटण्यासारखी असतात. पोलादाचे थर एकमेकांना जोडताना टाकणखार कमी पडला किंवा ताव पुरेसा चढला नाही, तर थरांचा सांधा पुढे कसा उघडतो, हे मला कारखान्यातल्या पोरांना फळ्यावर कधी इतके स्पष्ट दाखवता आले नाही. खोटे असे तिथे फारसे काही नाही. पण जे गाळले जाते, त्यात आपला निम्मा धंदा आहे.

पाणी देण्याचा प्रसंग आठवून पाहा (तेलात बुडवले तरी आपण त्याला पाणी देणेच म्हणतो). लालभडक पाते तेलात जाते, भडका उडतो, संगीत चढते, स्पर्धक पाते काढून त्यावर कानस फिरवतो आणि कानस घसरली, म्हणजे पाते कठीण झाले, की सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या घटकेला ते पाते काचेसारखे ठिसूळ असते. साधे कार्बन पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात घातले की कठीण होते खरे, पण आत प्रचंड ताण घेऊन बाहेर येते, आणि तो उतरवायला ते २०० अंशांच्या आसपास दोन तास, मग थंड करून पुन्हा दोन तास ओव्हनमध्ये ठेवावे लागते. यालाच टेंपरिंग म्हणतात. त्या चार तासांत पाहण्यासारखे काहीही घडत नाही. फार तर पाते वाळल्या गवतासारखे फिकट पिवळे पडते. त्याचे चित्रीकरण कोण करील आणि केले तरी कोण पाहील?

मी हीट ट्रीटमेंटच्या एका कारखान्यात नवा असताना एकदा रात्रपाळीला उशीर झाला, म्हणून पाणी दिलेली कात्रीची पाती टेंपरिंगविना टेबलावर ठेवून आम्ही घरी गेलो. सकाळी त्यांतली तीन, कोणी हात न लावता, आडवी तडकलेली होती. चौथे आमच्या डोळ्यांदेखत गेले. नख मोडावे एवढाच बारीक आवाज झाला.

घड्याळाचा दुसरा दोष असा की घाईतला माणूस लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवतो, कारण तापलेले लोखंड घणाखाली लवकर पसरते. जास्त तापले की पोलादाचा कण फुगतो आणि बाहेरून पाते कितीही देखणे दिसले, तरी आतून कच्चे राहते. मोडलेल्या पात्याची कड उजेडात धरून पाहा: जाड्या रव्यासारखी चमकणारी दिसली तर ताव जास्त झाला, आणि मैद्यासारखी करडी, मऊ दिसली तर काम नीट झाले. मी अजूनही नव्या पोलादाचा एक तुकडा मोडून पाहिल्याशिवाय कामाला हात घालत नाही.

खरी परीक्षा कशी असते ते पाहायचे असेल, तर १९७६ साली बिल मोरन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीकडे बघ. तिच्या जर्नीमन स्मिथच्या, म्हणजे मास्टर स्मिथच्या आधीच्या पायरीच्या, परीक्षेत मोकळा लोंबणारा एक इंचाचा दोरखंड एका घावात तोडायचा, मग दोन बाय चार इंचांचे लाकूड दोनदा तोडायचे आणि त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी तेच पाते वाइसमध्ये धरून ९० अंश वाकवतात आणि ते मोडता कामा नये. धार कठीण आणि पाठ मऊ ठेवता आल्याशिवाय हे जमत नाही. पाते या परीक्षेत निकामीच होते. उमेदवाराने त्याआधी काही वर्षे उमेदवारी केलेली असते, हे वेगळे सांगायला नको.

पोलादाबद्दल थोडेच लिहितो. पडद्यावर भंगारातल्या मोटारीतून पाते काढतात ते पाहायला मजेचे असते, पण भंगारात नेमके काय मिसळले आहे ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय तापमान ठरत नाही. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे कोयते करतात ते चालते, कारण एकाच जातीचा माल त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेलेला असतो. तू मात्र तपासणीच्या दाखल्यासह ईएन-४५ या स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी विकत घे आणि निदान वर्षभर दुसरे काही वापरू नकोस.

तलवारीचा विचार तूर्त सोड. त्या कार्यक्रमात पाते प्राणघातक आहे का, हे पुतळ्यावर वार करून पाहतात, आणि त्या चाचणीत मला कधी रस वाटला नाही. शिवाय आपल्या शस्त्रनियमांत घरगुती आणि शेतीची अवजारे वगळली आहेत, पण ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. आईला भाजी चिरायला सुरी कर; चिरताना ती कुठे अडते, हे ती कोणत्याही परीक्षकापेक्षा स्पष्ट सांगेल.

फोटोतली सुरी मात्र तिच्या हातात देऊ नकोस. पुढच्या रविवारी येण्याआधी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाल, पात्यावर गोणपाट गुंडाळ, टोकाकडचे दोन इंच वाइसमध्ये धरून मोड आणि दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून घेऊन ये. दुपारी अंगणात चांगले ऊन असते; भिंग मी काढून ठेवतो.

तुझा,
काका