सूचिवेधन म्हणावे का?

प्रश्न असा आहे: "ॲक्युपंक्चरसाठी 'सूचिवेधन' हा प्रतिशब्द वाचनात आला. तो बरोबर आहे का? आणि ॲक्युप्रेशरमधले 'ॲक्यु' म्हणजे ॲक्युरेट का?"

दुसऱ्याचे उत्तर सोपे, ते आधी देतो. नाही. लॅटिनमध्ये 'आकुस' म्हणजे सुई आणि 'पुंक्तुरा' म्हणजे टोचणे. (सायकलचे पंक्चर याच घरातले.) त्यामुळे ॲक्युप्रेशर या शब्दात सुई आहे, पण उपचारात नाही, अशी गंमत झाली आहे. अशाच दाबाच्या जपानी उपचाराचे नाव 'शिआत्सू' त्यापेक्षा प्रामाणिक: शि म्हणजे बोट, आत्सू म्हणजे दाब.

आता सूचिवेधन. लॅटिन शब्दाचे भाषांतर म्हणून बिनचूक आहे. पण मूळ शब्द लॅटिन नाहीच ना! विलेम टेन ऱ्हाइन नावाचा डच वैद्य 1674 ते 1676 जपानात, नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता. तिथे पाहिलेल्या या उपचारावर त्याने लिहिले, ते 1683 मध्ये लंडनला छापले गेले आणि 'ॲक्युपंक्चर' युरोपात रुळला. चिनी लोक मात्र या विद्येला 'जन-ज्यौ' म्हणतात (उच्चार देवनागरीत नेमका बसत नाही, चालवून घ्या). जन म्हणजे सुई. ज्यौ म्हणजे औषधी पाल्याचा धुमसता गोळा किंवा कांडी अंगावर किंवा अंगाजवळ धरून ऊब देणे, कधी चटका देणे. 'ज्यौ'च्या चिनी अक्षरात खालच्या बाजूला चक्क 'अग्नी' हे चिन्ह आहे. म्हणजे नाव जोडीचे: टोचणे आणि शेकणे. युरोपने सुई एका नावाने नेली आणि पाला 'मोक्सा' या दुसऱ्या नावाने, जपानी 'मोगुसा'वरून. जोडी फुटली. सूचिवेधन म्हटले की ही फूट आपण संस्कृतात पक्की करतो. तो पाला, जाता जाता सांगतो, जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा भाऊबंद आहे, दोघेही आर्टेमिसिया कुळीतले.

शिवाय मराठी कानाला 'सूची' म्हणजे यादी. पाठदुखीने वाकलेला माणूस 'सूचिवेधनाला जाऊन येतो' म्हणणार नाही. 'सुया टोचून घ्यायला' म्हणेल, आणि ते उत्तम मराठी आहे. पाटीवर ॲक्युपंक्चर राहू द्यावे.

प्रतिशब्दांची खरी गरज आतल्या संज्ञांना आहे. शरीरातून 'ची' (प्राण म्हणा, वायू म्हणा, दोन्ही थोडे थोडे जुळतात) ज्या वाटांनी वाहते असे मानतात, त्यांना मेरिडियन म्हणतात. मेरिडियन म्हणजे भूगोलातले रेखावृत्त. हा शब्द फ्रेंच अनुवादातून पसरला. मूळ चिनी शब्द 'जिंग', म्हणजे मागावरचा उभा धागा, ताणा. आणि हाच शब्द प्रमाणग्रंथालाही लावतात: या विद्येचा आद्य ग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग', त्यातले शेवटचे अक्षर तेच. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना 'सूत्र' या शब्दासाठी अनुवादकांनी 'जिंग'च निवडला. धागाही सूत्र, ग्रंथही सूत्र! दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लावलेली ही जोडी हाताशी असताना आपण रेखावृत्त कशाला उसने घ्यायचे?

टोचण्याच्या जागेला काही जण 'मर्म' म्हणतात. हे मात्र टाळावे. सुश्रुताची 107 मर्मे म्हणजे इजा झाली तर जीव किंवा अवयव धोक्यात येतो अशा जागा. शस्त्र चालवताना त्या वाचवायच्या असतात. इथे तर मुद्दाम सुई लावायची आहे. चिनी शब्द आहे 'श्युए', म्हणजे गुहा, बीळ. अशा 361 जागा प्रमाण मानतात आणि नावेही तशीच खोलगट: तळपायावरची 'उसळता झरा', अंगठा नि तर्जनीमधली 'जुळती दरी'. 'बिंदू' चालेल, पण त्याला खोली नाही.

उपचार कितपत लागू पडतो हा वाद वैद्यकातल्या लोकांनी करावा. मला सगळ्यात आवडला तो सुई बसल्यावरच्या जाणिवेचा शब्द. ती नीट बसली की रोग्याला चार गोष्टी जाणवाव्यात असे सांगतात: स्वान, मा, जांग, जोंग. मा म्हणजे बधिरपणा, मुंग्या. जांग म्हणजे आतून फुगल्यासारखे वाटणे. जोंग म्हणजे जडपणा. आणि स्वान? शब्दशः 'आंबट'. इंग्रजीतून आलेला अनुवादक इथे अडखळतो आणि 'दुखरेपणा' लिहून पुढे सरकतो. मराठी माणसाने अडखळायचे कारणच नाही. गड उतरून आल्यावर आपले पाय काय होतात? आंबतात.