वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलला बारीक टायर किंवा ७००सी (आजच्या रेसिंग सायकलींवर असतात ती) चाकं बसवावीत का?

तुमची सायकल रॉड ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक), टायरवर २८ × १½ (इंच) असं लिहिलेलं, आणि ती हलकी चालावी ही तुमची इच्छा. तरी चाकं बदलू नका असंच मी सांगेन.

कारण ब्रेक. रॉड ब्रेकचे रबर रिमला कडेने धरत नाहीत, आऱ्यांच्या बाजूने आतून दाबतात. जुन्या लोखंडी रिमला त्यासाठी आतून सपाट पट्टा असतो. ७००सीच्या रिमला ब्रेकची जागा दोन्ही कडांना असते, आतून रबर टेकायला जागाच नाही. ब्रेकही बदलावा लागेल, आणि मग वडिलांच्या सायकलचं उरतं काय?

टायर घेताना मात्र जपा. माझ्या वडिलांच्या सायकलसाठी मी २८ × १.५० लिहिलेला टायर आणला. दीड म्हणजे दीडच, असं मला वाटलं. तो रिमवर चढेना, चढवण्याच्या खटपटीत नवी ट्यूब चिरली. अपूर्णांकातला १½ आणि दशांशातला १.५० हे दोन वेगळे टायर आहेत. पहिल्यावर बारीक अक्षरांत ४०-६३५ असतं, दुसऱ्यावर ४०-६२२. चाळीस ही मिलिमीटरमधली रुंदी, पुढचा आकडा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. हा पुढचा तीन अंकी आकडा जुळला तरच टायर बसतो. ७००सी म्हणजे ६२२, आणि डोंगरी सायकलींवरचं २९ इंची माप हेही ६२२च. म्हणजे २९ची रिम तुमच्या २८च्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरने लहान! दुकानदार 'बावीसची की चोवीसची' विचारतो, ते सहसा फ्रेमचं इंचातलं माप असतं, चाकाचं नाही.

रुंदी ४०च ठेवा. कॅरिअरवर ओझं आणि समोर खड्डे असताना बारीक टायरने फक्त हादरे वाढतात. सायकल जड चालते ती बहुतेक कमी हवेमुळे किंवा सुकलेल्या बेअरिंगमुळे. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतात) उघडून ग्रीस भरा. टायरच्या कडेवर लिहिलेली हवेची मर्यादा पाळा, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जरा जास्त भरा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

ट्यूब ६२२ची मिळाली तरी चालेल, ती ताणली जाते. टायरवरचे आकडे पुसले असतील तर जुना टायर सोबत घेऊनच दुकानात जा.