रीफ टँकमधल्या ऐप्टेशियावर बर्घिया सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात राजारामपुरीत घरी 200 लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरल म्हणजे प्रवाळांची) आहे, दगडांवर तीसेक ऐप्टेशिया, म्हणजे तणासारखी पसरणारी नकोशी समुद्रफुलं, झालेत, आत एक सिक्सलाइन रॅस मासा आणि दोन पेपरमिंट श्रिंप (कोळंबी) आहेत. मुंबईहून बर्घिया, म्हणजे ऐप्टेशिया खाणारी समुद्री गोगलगाय, मागवली तर उपयोग होईल का?

या तिघांना आत ठेवून होणार नाही. त्यांना बाहेर काढायची तयारी असेल तर होईल, आणि चांगला होईल.

कोल्हापूरकराला हे उसावरून पटकन कळेल. 2002 च्या सुमारास लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडी फडात सोडल्या गेल्या. सोबत जहाल औषधाची फवारणी केली की मित्रकीड मरायची आणि मावा परत यायचा. बर्घियाचं गणित तेच आहे. ती बाटलीतलं औषध नाही, तिला टाकीत जगायचं आहे, वाढायचं आहे.

आपल्याकडे गोगलगाय म्हटलं की सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय आठवते. ही बिनशंखाची, जेमतेम दोन सेंटिमीटरची, पाठीवर बोटांसारखे झुपके असलेली. खाते फक्त ऐप्टेशिया. कोरल, शेवाळ, माशांचा दाणा यातलं काही नाही. म्हणून आधी खात्री करा की तुमच्याकडे ऐप्टेशियाच आहे. लांब, टोकदार, अर्धपारदर्शक तपकिरी शुंडके, हात लागताच झटक्यात आत ओढले जाणारे, तो ऐप्टेशिया. शुंडके आखूड आणि टोकाला गोळी असेल तर तो मजानो, वेगळ्या जातीचं समुद्रफूल. त्याला बर्घिया तोंड लावत नाही, उपाशी मरते. आणि मालवणला ओहोटीत कातळावर दिसलेली गोगलगाय उचलून आणायचा विचार डोक्यात असेल तर सोडून द्या. यांच्यात प्रत्येकीचं ताट वेगळं असतं. माँटिपोरा कोरल खाणारी पांढरी गोगलगायही अशीच बिनशंखाची आहे, आणि ती टाकी उजाड करते.

आता शत्रू. पेपरमिंट श्रिंप रात्री फिरते आणि बर्घियाही रात्रीच बाहेर पडते. एकाच पाळीत दोघी, त्यात श्रिंप गोगलगायीचं पिल्लू चापते. सिक्सलाइन रॅस रात्री झोपतो म्हणून काहीजण धोका पत्करतात, पण पहाटेपासून तो दगडाच्या फटी टोकरत असतो. मोठी बर्घिया वाचेल, पिल्लं नाही. आणि काम पिल्लंच करतात. कॉपरबँड फुलपाखरी मासा, हॅलिकोरेस जातीचे रॅस, कोरल बँडेड श्रिंप, ॲरो क्रॅब हेही चालणार नाहीत. रॅस आणि दोन्ही श्रिंप निदान चार महिने मित्राच्या टाकीत ठेवा.

वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर आणि रिटर्न पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर भरड स्पंज बांधा, दर दोन दिवसांनी पिळून धुवा. बऱ्याच बर्घिया पंपात जातात आणि मालकाला वाटतं, माल खराब होता. टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर बिनकण्याचं काही टिकणं कठीण. पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून क्षार काढलेलं हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) 0. मग मीठ घातल्यावर खारेपणा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व, 1.025, तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस. एप्रिल-मेमध्ये पंखा किंवा चिलर लागेलच.

200 लिटरला आठ-दहा मागवा, एक-दीड सेंटिमीटरच्या. दोन-तीन आणून पैसे वाचत नाहीत. प्रत्येक बर्घिया नरही असते आणि मादीही, पण अंडी घालायला सहसा दुसरी भेटावी लागते. झुपके तपकिरी असलेल्या घ्या. तो रंग ऐप्टेशियातल्या शैवालाचा, म्हणजे पोट भरलेलं आहे. पांढरीफटक असेल तर उपाशी आहे. थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने कोणी सोबत आणलं तर उत्तम. दुपारच्या बसच्या डिकीत पाणी तापतं.

आणल्यावर पिशवी 20 मिनिटं तरंगत ठेवा. मग पाण्यासह भांड्यात ओता, हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब टाकीचं पाणी सोडा. पाणी तिप्पट होईस्तोवर, साधारण तासभर. बोटाने, जाळीने उचलू नका. पिपेटचं टोक कापून तोंड रुंद करा. दिवे विझल्यावर, सगळे पंप बंद करून, ऐप्टेशियाच्या दाट जागेजवळ सगळ्या एकत्र दगडावर सोडा. अर्ध्या तासाने पंप सुरू करा.

चार सेंटिमीटरहून मोठे ऐप्टेशिया लहान बर्घियाला भारी पडतात. ते आधीच्या आठवड्यात चुन्याच्या, म्हणजे काल्कवासरच्या, घट्ट लगद्याने मारा. पंप बंद, सिरिंजने थेट तोंडावर, दिवसाला पाच-सहाच, नाहीतर पीएच उसळतो. ब्लेडने कापायचा किंवा खरवडायचा मोह टाळा, पायाच्या तुकड्यातून नवे उगवतात. बर्घिया सोडल्यावर मात्र लगदा बंद. बाकीचे तिचं अन्न आहेत.

पहिला महिना काहीच दिसणार नाही. लोक इथेच धीर सोडतात आणि रॅस परत टाकतात. काचेवर किंवा दगडावर पांढऱ्या धाग्याची गुंडाळी दिसली तर ती अंडी. खरवडू नका. दहा-चौदा दिवसांत पिल्लं निघतात, दोनेक महिन्यांत तीही अंडी घालण्याजोगी होतात. खरा फरक तिसऱ्या महिन्यात दिसतो. संप (खालची फिल्टरची टाकी) आणि ओव्हरफ्लोमध्येही (तिकडे पाणी सोडणारा कप्पा) ऐप्टेशिया असतात, तिथल्याही पंपाला स्पंज लावून दोन बर्घिया सोडा. नाहीतर तिथूनच टाकी पुन्हा भरते.

शेवटचा ऐप्टेशिया संपला की बर्घिया उपासमारीने मरतात. त्याआधी, रात्री लाल टॉर्चने शोधून, दुसऱ्या कुणाला ऐप्टेशियाचा त्रास असेल त्याला द्या. रॅस घरी आणायची घाई करू नका. निदान महिनाभर नवा ऐप्टेशिया दिसला नाही, मगच.